पट्ट्यातली हवा

ओतूरच्या दवाखान्यात माझा, एका वकिलाचा, रक्तदाब मोजणारा कंपाउंडर कधीही आवाज चढवीत नसे. "अण्णा, आदी कोर्ट इसरा, मग हात द्या," असे तो मला दर खेपेस बजावी. राग मेंदूत उपजतो व मेंदूच तो आवरतो, असे मी वाचले होते. आवरलेला राग जातो कुठे, याचे मला कुतूहल होते.

एकदा तो माझ्या दंडावरच्या पट्ट्यात हवा भरत असताना डॉक्टरांनी सर्वांदेखत त्याला "ए गाढवा!" अशी हाक मारली.

"आलो, सायेब," तो हसून उत्तरला. परंतु हातातला रबरी फुगा त्याने इतका दाबला की, पट्टा करकचला.

मी संतापलो. "हा उघड अपमान आहे. तक्रार करा, मसुदा मी देतो!"

"नोकरी जाईल, अण्णा." हवा सोडीत तो हळूच म्हणाला, "परत मोजू. आत्ताचा आकडा माझा व्हता."