वजनात न धरलेली काठी

देवाने जग घडवताना हात थोडा आखडता घेतला असता तर बरं झालं असतं, असं मनापासून वाटणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि ते म्हणजे आमचे घरमालक. त्यांच्या मते या जगातली प्रत्येक वस्तू असावी त्यापेक्षा जड आहे. म्हैसूरला चामराजपुरममध्ये त्यांच्या तळमजल्यावर आम्ही नवराबायको भाड्याने राहायला आलो, त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत असताना हे गृहस्थ लुंगी वर खोचून पुढे आले. मला वाटलं, मदतीला आले. ते एकेक डबा उचलायचे, डोळे मिटून हातात तोलायचे आणि परत जागच्या जागी ठेवायचे. आईने सांगलीहून हौसेने दिलेला पितळी हंडा उचलून तर त्यांनी माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिलं की जणू तो मी जन्मभर डोक्यावर घेऊन हिंडणार होते. "बाई, हे समदं पाहिजेच काय?" हे त्यांचं आमच्याशी बोललेलं पहिलं वाक्य. पुढे कळलं की काकांची अख्खी नोकरी टपाल खात्यात पार्सलच्या काउंटरवर गेली. काटा समोर असला तरी आधी हातात घेऊन वजन सांगायचं आणि मग काट्याची परीक्षा घ्यायची, अशी तिथली त्यांची पद्धत होती म्हणतात. जित्याची खोड, काउंटर सुटलं तरी ती सुटली नाही.

त्यांचे पूर्वज कापड रंगवण्याचा धंदा करत कधी काळी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात, पण मराठीत निघालेलं वाक्य कुठल्या वळणावर कन्नडमध्ये शिरेल याचा नेम नसतो. माझ्या मराठीला ते 'पेपरातली मराठी' म्हणतात. त्यातले निम्मे शब्द त्यांना अनोळखी वाटतात, आणि त्यांचे निम्मे मला. तरी आमचं भाडं, पाणी आणि भांडण या तिन्ही विषयांत कधी अडलं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या पायऱ्या चढतात, काका डोंगर चढायला लागले. पाठीवर पिशवी टाकायची, मडिकेरीकडची बस धरायची आणि दोन-तीन दिवस रानावनात पायी भटकून यायचं. पण पिशवी कशी, तर रिकामी आहे की काय असं वाटणारी. निघायच्या आदल्या संध्याकाळी व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून काका सगळं सामान मांडून बसत, आणि मग काटछाट सुरू होई. टूथब्रशची दांडी अर्धी कापलेली. खजुरातल्या बिया काढलेल्या. शेंगदाणे सोललेले, कारण सालांचं ओझं फुकट कशाला वाहायचं? शर्टाच्या कॉलरमागची चिठ्ठी उसवलेली, टॉवेलचा उरलेला भाग म्हणावा एवढासा तुकडा. एकदा निघायच्या आधी ते नखं कापत बसले होते. तेही वजनासाठीच, असं आमचे हे आजही शपथेवर सांगतात. यावर कळस म्हणजे एकदा काकूंनी त्यांच्या पिशवीत देवाच्या अंगाऱ्याची पुडी ठेवली. काकांनी ती सोडली, अंगारा तिथल्या तिथे कपाळाला लावला आणि कागद काकूंच्या हातात परत दिला. "घेऊन चाललो की," म्हणाले, "अजून काय पाहिजे?"

आणि एवढं सगळं झाल्यावर हेच काका आत जात आणि हातभर लांबीचं एक नळकांडं छातीशी धरून बाहेर येत. त्यात मासेमारीची काठी होती, चार तुकड्यांत सुटणारी. तिच्याबरोबर दोरी गुंडाळायचं चाक आणि एक पत्र्याची डबी. काकांच्या दोन दिवसांच्या शिध्यापेक्षा हा पसारा जड. न राहवून आमच्या ह्यांनी विचारलं, "काका, ब्रशची दांडी कापलीत, आणि हे घेऊन चाललात?" काकांनी नळकांडं पिशवीला बांधता बांधता वर न बघता सांगितलं, "ते वजनात धरायचं नाय." विषय संपला.

ही फ्लाय फिशिंगची काठी. या प्रकारात गळाला किडा किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. दोऱ्याची आणि पिसांची खोटी माशी बांधतात. दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवायची आणि ती माशी पाण्यावर अशी अलगद टेकवायची की माशाला वाटावं, खरीच येऊन बसली. काका या माश्या स्वतः करत. गच्चीवरच्या कबुतरांची पिसं गोळा करायची, काकूंच्या शिवणातले दोरे पळवायचे आणि ते वाटीत रंगवायचे. शेंदरी रंग मनासारखा उतरला नाही की पूर्वजांना तोंड कसं दाखवू, असा चेहरा करून बसायचे. काकूंचा जीव मेटाकुटीला यायचा. "घरात एक माशी आली तर झाडू घेऊन पळतेत," त्या मला सांगत, "आन् स्वता बसून डबीभर माशा करतेत, नोडी, बगा की!"

आता कुणाला वाटेल, या माणसाला माशांची भारी आवड असणार. तर काका पक्के शाकाहारी. अंड्याचं ऑम्लेट होत असेल तर त्या गल्लीतून जाणार नाहीत. सुरुवातीला त्यांच्या माश्यांना रीतसर गळ असायचा. रोज संध्याकाळी गच्चीवर काठी झुलवायचा सराव चाले. एके दिवशी दोरी मागे गेली ती पुढे येईचना. काकांनी जोर लावला, तेव्हा शेजारच्या निवृत्त गणिताच्या मास्तरांचं वाळत घातलेलं धोतर उडत उडत आमच्या गच्चीवर दाखल झालं. मास्तरांनी आठवडाभर अबोला धरला. त्या दिवसापासून काकांनी पक्कड घेऊन सगळ्या गळांची टोकं छाटून टाकली. म्हणजे काठी आहे, दोरी आहे, माशी आहे, आणि मासा अडकण्याची काडीचीही शक्यता नाही. "यानी वजन पण कमी झालं की," एवढंच त्यावर त्यांचं म्हणणं.

त्यांची ही कला ओळखणारा अख्ख्या म्हैसुरात एकच भेटला. गोकुलममध्ये योग शिकायला आलेला एक दाढीवाला परदेशी पाहुणा, शहाळ्याच्या गाडीपाशी काकांना भेटला आणि काठीवरून बोलता बोलता थेट गच्चीवर आला. त्याने काकांचं मनगट धरून ते कसं वळवायचं ते दाखवलं, काकूंनी त्याला बिशीबेळे भात वाढला. दोघांना एकमेकांचं इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण तासभर छान चाललं होतं. निघताना काकांनी त्याला एकच प्रश्न विचारला: आपल्या बापाला फोन करतोस की नाही? तो हसला आणि खांदे उडवून गेला. काका मात्र बराच वेळ त्या जिन्याकडे बघत उभे होते.

कारण काठी मुळात काकांची नव्हतीच. ती त्यांच्या एकुलत्या एक मुलीची, सुमाची. सुमा कॅनडात, नदीकाठच्या एका गावात राहते. हा छंद तिला तिकडे लागला. मागे कधीतरी ती सुट्टीवर आली तेव्हा काठी घेऊन आली आणि आठवडाभर गच्चीवर बापाला शिकवत राहिली. मडिकेरीपलीकडे काकांच्या एका जुन्या ओळखीच्यांचा कॉफीचा मळा आहे, त्यातून एक ओढा वाहतो. बापलेक तिथे पायी गेले. खालच्या पाण्यावर थोडं खेळून झालं, वरच्या डोहाकडे चढायचं ठरलं, आणि तेवढ्यात सुमाला ऑफिसचा फोन आला. परतावं लागलं. जाताना ती म्हणाली, "अप्पा, काठी इथंच राहू दे. नेक्स्ट टाइम आपण वर जायचं." मग साथ आली, मग तिची नोकरी बदलली, मग कागदपत्रं अडकली. ते 'नेक्स्ट टाइम' काही आलं नाही. दर रविवारी काकू तिच्याशी फोनवर चेहरा बघत बोलतात, लोणच्यापासून लग्नापर्यंत. काका मागे भिंतीला टेकून उभे असतात. शेवटी काकू फोन त्यांच्याकडे वळवतात. "तिकडं नदीला पाणी हाय काय?" काका विचारतात. "आहे अप्पा." "बरं." झालं त्यांचं बोलणं.

एकदा आम्ही दोघंही त्यांच्याबरोबर त्या ओढ्यावर गेलो. काकांनी काठी जोडली, दोरी हवेत दोनदा झुलवली आणि माशी पाण्यावर टेकवली. मी श्वास रोखून बसले होते. एक चपळ चंदेरी मासा वर आला, माशी तोंडात धरून बघितली, सोडली आणि खाली गेला. "आला," काका कुजबुजले. चेहऱ्यावर असा आनंद की एखाद्याला लॉटरी लागून होणार नाही. वरून डोहात पडणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता. थोडीच चढण उरली होती. मी म्हटलं, "चला की काका, वर जाऊ." काका काठीचे तुकडे सुटे करायला लागले होते. "वरचं सुमा आल्यावर," ते म्हणाले. आम्ही परोपरीने सांगितलं की आता जाऊ, ती आल्यावर पुन्हा जाऊ, डोह काही संपत नाही. पण छे. उतरताना माझ्या लक्षात आलं, ते गुडघा हाताने दाबत आडवे आडवे उतरत होते. डॉक्टरांनी चढण बंद करायला सांगितलीय, हे काकूंनी घरी आल्यावर सांगितलं. म्हणजे सुमा आता लवकर आली तर आली, नाहीतर त्यांचं वर जाणं राहिलंच.

आणि ती यायची ठरली. डिसेंबरात, दहा दिवस. त्या दहा दिवसांत हुबळीला मावसबहिणीचं लग्न, दाताचा डॉक्टर, शिंपी आणि एकूण एक नातेवाईक कोंबलेले. डोंगराचं नावही नाही. मला राहवेना. म्हटलं, "काका, तुम्ही तिला गळ घाला ना जरा!"

काका दचकलेच. "गळ? गाळ म्हणता, माशाचा? पोरीला गाळ घालू?" कन्नडमध्ये माशाच्या गळाला गाळ म्हणतात, आणि आमच्या 'पेपरातल्या मराठी'त गळ घालणं म्हणजे विनवणं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी हसत हसत समजावून सांगितलं. मला वाटलं, तेही हसतील. त्यांनी बोटाने हवेतच गळाचा आकडा काढून पाहिला.

"अय्यो, बरोबर नाव ठेवलंय की तुमच्या लोकांनी," ते म्हणाले. "माझ्या बापानं मला घातला होता, बाई. मिलिटरीच्या टपालात जायचं होतं मला. वर, बर्फाच्या डोंगरात. कागद आले होते. बाप म्हटला, जाऊ नको. मी लागलो गाळाला." मग हात झटकून म्हणाले, "बेडा. नको. तिला मी नाय घालणार. आन् तुम्ही पण काय बोलायचं नाय, बगा."

मी कबूल केलं आणि त्या दहा दिवसांत जीभ चावून चावून माझं तोंड दुखलं. काकांनी दोन पिशव्या भरून व्हरांड्यात ठेवल्या, एक स्वतःची आणि एक सुमाची. येणारा-जाणारा त्या पिशव्यांना अडखळत होता. सुमाही अडखळली. "अप्पा, हे काय?" तिने विचारलं. "सुम्ने," काका म्हणाले, म्हणजे उगीच, असंच. ती घाईत होती. उगीच म्हटल्यावर तिने उगीचच समजलं. मला तर दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

जायचा दिवस उजाडला. बंगळूरच्या विमानतळावर नेणारी टॅक्सी दारात उभी. काका सुमाची बॅग उचलून तोलत होते. हे काम त्यांचंच. चटणीची पुडी काढ, सांडगे काढ, साडी वर घे, असं चाललं होतं. शेवटी बॅग मनासारखी झाली. काका आत गेले, ते नळकांडं घेऊन आले आणि बॅगेत कपड्यांच्या घडीखाली सरकवायला लागले. "अजून जागा हाय," म्हणाले. "घेऊन जा. तिकडं वापरशील."

सुमाने त्यांचा हात धरला. "का अप्पा? आपल्याला वर जायचंय ना?"

"गुडघा ऐकत नाय आता," काका म्हणाले. बॅगेची चेन लावायला गेले, ती लागेना. आणि मग बॅगेकडेच बघत ते म्हणाले, "मला तुझ्याबरोबर वर जायचं होतं, सुमा."

सुमा तिथेच पायरीवर बसली. "मग बोलायचं ना, अप्पा," एवढंच तिच्याने म्हणवलं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. तिने नळकांडं बॅगेतून काढलं, डोळे पुसले आणि ते बापाच्या हातात दिलं. "गुडघ्याचं आपण बघू. मी येते परत."

"कधी?" काकांनी विचारलं. त्यांना काठी झुलवताना, रागावताना, रंग चुकला म्हणून हळहळताना मी कितीदा पाहिलं होतं. कुणाकडे काही मागताना पाहिलं नव्हतं.

सुमा गोंधळली. "मे महिन्यात... ट्राय करते, अप्पा."

"मेमध्ये कुठलं ग?" काकू रडता रडता मध्येच म्हणाल्या. "ओढा आटलेला असतो तेव्हा."

"आटू दे," काका म्हणाले. "पाणी नसलं तर नसू दे. तू ये."

एवढं बोलून ते वळले आणि घाईघाईने आत निघून गेले. टॅक्सी कोपऱ्यावर वळेपर्यंत काकू आणि मीच हात हलवत उभ्या राहिलो. आता मार्च सरत आला आहे. तिकीट काढल्याचं सुमाने अजून कळवलेलं नाही. रविवारी वरून फोनवरचं बोलणं ऐकू आलं की मी हातातलं काम ठेवते आणि कान देऊन उभी राहते.