तिसरं उत्तर

सगळं ऑफिस तिला मावशी म्हणायचं. वय बावन्न, आणि इस्पितळाच्या नोंदींचा कोड अकरा वर्षं तिच्याच हातचा. त्यात प्रत्येक रुग्णापुढे एक प्रश्न होता: औषधाची ॲलर्जी आहे का? उत्तरं तीन. आहे, नाही, विचारलेलं नाही. हे तिसरं उत्तर तिच्या थोरल्या बहिणीने, तिथल्याच नर्सने, भांडून घालायला लावलं होतं. "बेशुद्ध माणूस काय सांगणार, कपाळ?"

आता या नोंदी औषधालयाच्या नव्या वेबसेवेकडे जायच्या होत्या. त्या सेवेशी बोलणारे क्लास, म्हणजे कोडचे तुकडे, कुणी हाताने लिहीत नाही. यंत्राला सेवेचं वर्णन द्यायचं, बटण दाबायचं, फायलींचा ढीग पडतो. त्या ढिगात ॲलर्जीला दोनच उत्तरं होती, आणि काही भरलं नाही तर आपोआप 'नाही'. मावशीने त्याच फायलीत चार ओळी घुसवल्या: उत्तर ठाऊक नसेल तर नोंद अडव. काम भागलं.

सोमवारी सेवेची नवी आवृत्ती आली. साहेबांनी पुन्हा बटण दाबलं. दुपारी बहिणीचा फोन.

"अगं, सहा नंबरच्या बाईला मी अजून विचारलंसुद्धा नाही, आणि औषधालय म्हणतं ॲलर्जी नाही! इंजेक्शन वर वॉर्डात येऊन पडलंय. कोण गाढव बसलंय तिकडे?"

मावशी तडक साहेबांच्या टेबलाशी. "माझ्या ओळी कुणाला विचारून पुसल्या?"

साहेबांनी फाईल उघडली, पडदा तिच्याकडे फिरवला. "पहिली ओळ वाचा."

ही फाईल यंत्राने तयार केली आहे. हाताने केलेले बदल नाहीसे होतील.

तिने ती तेव्हाही वाचली होती. वाचून खाली सरकली होती. राग तसूभरही उतरला नाही, फक्त त्याचं तोंड फिरलं, आणि स्वतःवरचा राग कुणावर ओरडूनही हलका होत नाही.

"आता टाका परत त्या चार ओळी. दहा मिनिटांचं काम," साहेब म्हणाले.

"परत तिथेच? पुढच्या बटणाला परत मरायला? जुना कोड आणि हा ढीग यांच्यामध्ये माझा वेगळा क्लास बसेल. तिन्ही उत्तरं तो बघेल. संध्याकाळ होईल. तोवर औषधालयाशी जोडणी बंद."

"इस्पितळाला काय सांगू?"

"माझी चूक सांगा. औषधं आज कागदावर लिहा म्हणावं."

"मावशी, अहो डोकं ठिकाणावर आहे का?"

"आत्ता आलंय."

जोडणी तिने स्वतः तोडली. सकाळपासून खोटं 'नाही' घेऊन गेलेल्या नोंदी काढल्या. छत्तीस. बहिणीला फोन लावला.

"ताई, चूक माझीच आहे. छत्तीस जणांना तोंडाने विचारावं लागेल. खाटांचे नंबर सांगते, शिव्या मग दे."

"शिव्या चालूच राहतील. तू वाच."

मावशी वाचू लागली.