पाड्याला एक, तिला चार

सकाळी पेपर आला की मी आधी औषधांच्या बातम्या शोधतो. म्हातारपणाचा चाळा, दुसरं काय! कुठेतरी कुणीतरी संशोधन केलेलं असतं, की औषध अर्धवट घेतलं तर रोगाचे जंतू मरत नाहीत, उलट शिरजोर होतात. चिकूच्या झाडावर पातळ फवारा मारला तर बुरशीचंही तसंच होतं म्हणे. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. अरे, हे मला साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतच कळलं होतं! फक्त ते मी कागदावर मांडलं नाही. मांडलं असतं तर माझी रवानगी तुरुंगात झाली असती, आणि ती योग्यच झाली असती.

आम्ही डहाणूच्या किनाऱ्यावरचे. वडिलांची होडी, आईची सुकवलेल्या बोंबलांची टोपली. मी सातवी पास झालो आणि हिवतापाच्या कामावर चिकटलो. काम तसं सोपं. तलासरीच्या बाजूचे पाडे मला वाटून दिलेले. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, ताप कुणाला आहे ते विचारायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, आणि मोठ्या माणसाला चार गोळ्या, लहानाला दोन, आपल्यासमोर गिळायला लावायच्या. समोर गिळायला लावायच्या, हे साहेबाने तीनदा बजावलं होतं. काचा डहाणूला नेऊन द्यायच्या. तिथे एक गृहस्थ दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेले असत.

मला खाकी कपडे मिळाले होते. त्या काळी पाड्यावर खाकी दिसली की लोक रानात पळत, कारण खाकीतला माणूस मारायलाच येतो हा त्यांचा आजवरचा अनुभव. गवताच्या वखारीवरचा मुकादम तर बोलण्याआधी हात उगारायचा. मी मुकादम नव्हतो, पण आवाज चढवला की कामं पटापट होतात हे मला महिन्याभरात कळलं. त्यात मी मुळातच तापट. आई म्हणायची, ह्याचं डोकं म्हणजे उकळती कढई.

झरीच्या अलीकडे एक पाडा होता. त्याचं नाव सांगत नाही, तिथे अजून त्या लोकांची नातवंडं राहतात. तिथला एक तिशीतला गडी तापाने थडथड उडत होता. मी गोळ्या दिल्या, त्याने चघळल्या आणि कडू लागल्या तशा माझ्या पायावर थुंकल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला, नाक दाबलं आणि तोंड उघडल्यावर चारी गोळ्या बोटांनी घशात कोंबल्या. त्याची बायको ओरडत होती. पाच-सहा वर्षांची पोरगी तिच्या लुगड्याला धरून सगळं बघत होती. मी उठलो, वहीत चारचा आकडा टाकला आणि पुढच्या घरी गेलो. मागे तो भडभडा ओकत होता.

पंधरा दिवसांनी त्याच घरावरून जाताना कुडाच्या आडून दगड आला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं, मी गुडघ्यांवर बसलो, आणि दुसरा दगड पाठीत बसला. कुणी पुढे आलं नाही. ओहोळाच्या काठाला शेवटच्या झोपडीत एक विधवा बाई एकटी राहायची, पन्नाशीची. ती तेवढी धावत आली. तिने मला दंडाला धरून ओढत आपल्या घरात नेलं, दगडीपाला चुरगळून जखमेत भरला आणि वर चिंधी बांधली. मी तोंडाने शिव्यांची लाखोली वाहत होतो. ती म्हणाली, "गप रे पोरा. तू त्याचे छातीवं बसलास, त्याना दगड मारला. फिटला."

त्या पाड्यात अहो-जाहो नव्हतंच. मी तिला मावशी म्हणू लागलो. पुढच्या खेपेपासून आईच्या टोपलीतले चार सुके बोंबील तिच्यासाठी पिशवीत असायचे.

बाकी पाड्याशी मात्र मी तह केला. तह कसला, भ्याडपणा. भर अंगणात उभं राहून सांगितलं, "एकच गोळी. एक गिळा, की मी चाललो." चार कडू गोळ्यांना नाही म्हणणारे लोक एकीला तयार झाले. पोरांना अर्धी. वहीत मी मोठ्यांपुढे चार आणि पोरांपुढे दोन लिहायचो. उरलेल्या गोळ्या पत्र्याच्या एका बिस्किटाच्या डब्यात टाकायचो. फेकून का दिल्या नाहीत? कुणाच्या कोंबड्यांनी टिपल्या आणि मेल्या तर पुन्हा दगड येतील, म्हणून. डबा पिशवीत खुळखुळायचा. सुंठीवाचून खोकला गेला, असं मला वाटत होतं.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी तापाची साथ सुरू झाली, आणि पाड्यात पहिला ताप मावशीला आला. मी तिच्या चुलीपाशी बसलो. बोंबील निखाऱ्यावर भाजला, आणि एक गोळी, एक तुकडा, एक गोळी, एक तुकडा, अशा चारी तिच्या पोटात घातल्या. तिच्यापुढे खोटं वागायला मला लाज वाटत होती. चार का, बाकीच्यांना किती, हे तिने विचारलं नाही. सगळ्यांना चारच असणार, असंच ती धरून चालली होती. तीन-चार दिवसांत ती विळा घेऊन गवत कापायला गेली.

मग पाडाच पेटला. घरागणिक माणसं घोंगडीखाली कुडकुडत पडली. माझी एक गोळी घेतली की ताप दोन दिवस दबायचा आणि पुन्हा उसळायचा. डहाणूच्या त्या गृहस्थांनी मला बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. रक्ताच्या तांबूस पेशी, आणि पेशीपेशीत बारीक अंगठीच्या आकाराचे जंतू. "एवढं औषध जाऊनही हे कसे राहतात? नीट देतोस ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, देतो. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं आज मी म्हणू शकत नाही. मला माहीत होतं. पुढच्या खेपेला उरलेल्या देऊन टाकू, असं मी ठरवत होतो आणि पुढच्या खेपेला त्या कुडाजवळ आलो की भुवई ठणकायला लागायची.

त्या गड्याची पोरगी गेली. तीच, लुगड्याला धरून उभी असलेली. तिच्यामागून एक म्हातारा आणि एक तान्हं मूल गेलं.

मग पाड्यातल्यांनी भगताला विचारलं. तुम्ही भगताला हसाल. मी हसत नाही. त्याने सूप, तांदूळ, सगळं केलं असेल, पण त्याआधी त्याने जे केलं ते मोठ्या डॉक्टरनेही केलं असतं. ताप पहिला कुणाला आला? तिला. बरं कोण झालं? ती एकटी. पाणी सगळ्यांचं एकाच ओहोळाचं, गोळी सगळ्यांनी एकच खाल्ली. मग तीच कशी उठली? तापाने तिला सोडलं आणि तो सगळ्या घरांत गेला, म्हणजे तिनेच तो धाडला. ती भुताळी, चेटकीण. त्याचा हिशेब बरोबर होता. त्यातला आकडा खोटा होता, आणि तो मी दिला होता.

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. खळ्यावर कल्ला चालला होता. मावशीला केसांनी ओढत आणून खळ्यातल्या मेढीला, मधल्या खांबाला, बांधलं होतं. लुगडं फाटलेलं, नाकातून रक्त, एक कान लोंबत होता. बाया तिच्यावर थुंकत होत्या. ज्यांच्या घरी तिने बाळंतपणं केली त्याच बाया. पोरगी गेलेला तो गडी हातात बांबूची काठी घेऊन समोर उभा होता. तिच्या पिंढऱ्यांवर आणि खांद्यांवर वळ उठले होते. तो रडत होता आणि मारत होता.

मला पाहिलं तशी मावशी ओरडली, "ह्या सुईवाल्याला पुसा! त्याना मना चार गोल्या दिल्या. चार! म्हणून मी बरी झाली."

तो गडी माझ्याकडे वळला. दगड मारल्यापासून तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होता. "तिला चार दिल्यास?"

आता इथे मी काय विचार केला ते सांगतो, कारण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिला चार, तर आम्हाला एक का? आमच्या तीन कुठे गेल्या? माझी पोर कशाने मेली? हे सगळे प्रश्न मला त्याच्या काठीच्या टोकाशी दिसले. वही दिसली, साहेब दिसला, नोकरी दिसली. खांद्यावरच्या पिशवीत तो डबा होता. माझी पाचावर धारण बसली होती.

मी म्हणालो, "नाही. सगळ्यांना एकच. तिलाही एकच."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. ती चिडली नाही. काहीतरी चुकीचं ऐकल्यासारखी पाहत राहिली. आणि काठी आली ती सरळ तोंडावर. टोक डाव्या डोळ्यात शिरलं. गालावरून रक्त आणि पाणी एकदम वाहिलं. पहिल्यांदा ती ओरडलीच नाही. मग जो आवाज तिने काढला तो मला अजून ऐकू येतो.

त्या आवाजाने माझं जे काही व्हायचं ते झालं. मी पिशवी खसकन पुढे ओढली, डबा काढला आणि खळ्यावर उपडा केला. शेकडो पांढऱ्या गोळ्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरल्या. "तुमच्या आहेत! ह्या तुमच्याच आहेत! तिला चार दिल्या होत्या, तुम्हाला नाही दिल्या!" मी किंचाळत होतो. कुणाला काही समजेना. समजलं ते पहिल्यांदा मेलेल्या पोरीच्या आईला. ती वाकली, तिने एक गोळी उचलून जिभेला लावली.

"हीच," ती म्हणाली. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू विचारलं, "माझे पोरीच्या किती यात?"

मी म्हणालो, "दीड."

पुढचं मी सविस्तर सांगू शकणार नाही, कारण मधलं बरंचसं मला आठवत नाही. तिच्या नवऱ्याने मला पाडलं. छातीवर गुडघा, नाक दाबलेलं, आणि तोंडात मातीसकट मूठभर गोळ्या. मी त्याला केलं होतं तसंच. पुढचे दोन दात गेले. कुणीतरी उजव्या मनगटावर काठी घातली, ते कांडकन मोडलेलं मी स्वतः ऐकलं. मी हात वर केला नाही. वाटत होतं, मारा. मारून टाका आणि संपवा.

थांबवलं ते भगताने. दया म्हणून नव्हे. तो म्हणाला, "ह्याला मारू नका. कोणाला किती देयाच्या तो ह्यालाच ठाव हाय."

मला उताणं सोडलं. मी घशात बोटं घालून ओकलो. मावशीचे हात सोडायला लावले, मगच गोळ्यांना हात लावला. डाव्या हाताने धुळीतून गोळ्या वेचल्या, बायांनीही वेचल्या, आणि माणशी चार, पोरांना दोन, अशा मोजून दिल्या. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत गिळत होते. तो गडीही. त्यानंतर त्या मोसमात त्या पाड्यात कुणी मेलं नाही. संशोधन पुरं झालं म्हणायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यावर.

पोलिसांत कुणी गेलं नाही. ते गेले असते तर मी अडकलो असतो, मी गेलो असतो तर तेही अडकले असते आणि मीही. साहेबाला मी सांगितलं, दरडीवरून पडलो. वही जशीच्या तशी राहिली. त्या वहीवर पुढे माझी बढती झाली, निवृत्तीपर्यंत नोकरी टिकली. मावशीचा डोळा गेला. बरी झाल्यावर ती पाड्यात परतली नाही, गंजाडला भावाच्या घरी राहिली आणि बरीच वर्षं जगली. मी एकदाही तिकडे गेलो नाही.

तिला डहाणूच्या दवाखान्यात मीच नेलं होतं, त्याच दिवशी, गवताच्या ट्रकमधून. भाऱ्यांच्या मधल्या जागेत ती आडवी, डोळ्यावर माझा खाकी शर्ट बांधलेला, आणि मी मोडका हात पोटाशी धरून तिच्या उशाशी बसलेलो. चारोटीला ड्रायव्हर चहाला उतरला. मी तिच्यासाठी लोट्यातून पाणी आणलं. मला माफी मागायची होती, पण फुटलेल्या तोंडातून नीट शब्द निघेना. मी नुसतं मावशी, मावशी करत राहिलो.

ती दोन घोट प्याली. मग चांगला डोळा माझ्याकडे वळवून म्हणाली, "मना पण एकच देयाची व्हती रे, पोरा. मेली असती त सगल्यांसारखी मेली असती."