घंटेची झीज

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पाथर्डी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी कारकून होतो. सगळे 'भाऊसाहेब' म्हणत, त्यामुळे शाळा आपल्यावरच चाललीय असं मला वाटायचं. त्या मे महिन्यात आमचे शिपाईमामा निवृत्त होणार होते. त्यांच्या ताब्यातली एकूण एक वस्तू नोंदवहीशी जुळली तरच त्यांना 'काही येणे नाही' असा दाखला मिळणार होता, आणि दाखला असला तरच पेन्शन.

बादल्या, सतरंज्या, पाण्याची पिंपं, सगळं जुळलं. अडली ती घंटा. घंटा म्हणजे तारेनं टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. नोंदवहीत वजन बारा किलो. भंगारवाल्याच्या काट्यावर भरलं साडेदहा.

"म्या काय लोखंड खाल्लं का, भाऊसायेब?" मामा म्हणाले. त्यांचा चेहरा एवढा उतरला की मी झटकन शेरा लिहून टाकला: 'वापरामुळे झीज, दीड किलो.'

पण मुख्याध्यापक मराठी शिकवायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"झीज घासल्यानं होते. सहाण झिजते, चपलेची टाच झिजते. धान्य वाळलं की घट. कोठीत पोतं कमी निघालं की तूट. दिवाळीनंतर पोरं आईबापामागं ऊसतोडीला जातात, ती गळती. बडवल्यानं झीज होत असती, तर आपला दहावीचा वर्ग एव्हाना दिसेनासा झाला असता."

"मग काय लिहू, सर?"

"झीजच लिहा. पण आधी सिद्ध करा."

एका शब्दासाठी पुरावा मागणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. भर सुट्टीत, टळटळीत उन्हात मामांनी तासभर घंटा बडवली. दोन पालक पोरांना धरून शाळेत आणून सोडून गेले. एक जण कुठंतरी आग लागली म्हणून घागर घेऊन धावत आला. मग आम्ही रूळ उतरवला. भंगारवाला जेवायला गेलेला, म्हणून किराणावाल्याच्या काट्यावर ठेवला. भरला साडेबारा.

भंगारवाला घेताना तोलतो आणि किराणावाला देताना, हे तालुक्यात शेंबड्या पोरालाही कळतं. आम्हा दोघा पदवीधरांना मात्र ते काही सुचलं नाही. मुख्याध्यापकांनी नोंदवही उघडली. नोंदवहीत वाढीचा रकानाच नव्हता.

"आता बडवू नका," ते घाईनं म्हणाले. "आणखी वाढेल."

त्यांनी माझा शेरा खोडला, लाल शाईनं 'झीज निरंक' लिहिलं आणि दाखल्यावर सही ठोकली. मी तो कागद मामांच्या हातात दिला.

"काय लिवलंय, वाचा की," मामा म्हणाले.

मी वाचलं.

"वाचा ना."

मी पुन्हा वाचलं. मामा उजवा कान पुढं करून माझ्या तोंडाशी वाकले. "नुसती व्हटं हालत्यात, भाऊसायेब. डावा तर कवाच गेला, आता ह्योबी."

एकतीस वर्षं त्या रुळापासून हातभर अंतरावर उभा राहिलेला माणूस. मला स्वतःची लाज वाटली. मी तिसऱ्यांदा ओरडून वाचलं: शाळेचं यांच्याकडे काही येणं नाही.

मामांनी समाधानानं मान डोलावली. "बरं झालं बगा," ते म्हणाले. "म्हंजी माज्यापायी शाळेचं काय कमी न्हाई झालं."