रजाबाई आणि तिचे भावजी

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या मोठ्या लाँड्रीत तिला सगळे रजाबाई म्हणायचे. महिना-दोन महिन्यांत कंबर धरायची, की ती आजारपणाची रजा टाकायची. हे नाव ठेवलं तिच्याच धाकट्या दिराने. तो त्याच लाँड्रीत, धुलाईच्या मशीनवर. आजवर एकही रजा नाही, याचा त्याला कोण अभिमान!

"वहिनी, मनात आणलं की माणूस आजारी पडत नाही," तो जेवताना सुनावायचा.

"हो ना भावजी, मनाला कुठे कंबर असते," असं म्हणून ती त्याच्या ताटात भाजी वाढायची. नवरा मान खाली घालून हसायचा. बायको आणि भाऊ यांच्यामध्ये पडण्याइतका तो खुळा नव्हता.

धुलाई पुरुषांकडे आणि इस्त्री, घड्या बायकांकडे, अशी तिथली पहिल्यापासूनची वाटणी. इस्त्रीच्या रोलरमधून चादर गरमागरम बाहेर यायची. ती झेलायची, घडी घालायची आणि गुडघ्याएवढ्या टेबलावर वाकून रचायची. रोलर कुणासाठी थांबत नसे.

मग एके दिवशी धुलाईचं मोठं मशीन बिघडलं. दुरुस्तीला वेळ लागणार होता. मॅनेजरने निम्मा माल बाहेर धुवायला दिला आणि रिकामे झालेले पुरुष घड्यांवर पाठवले. दीर शीळ घालतच आला.

"घड्याच ना? हे तर बसल्या बसल्या होईल."

"बसा की. स्टूल दिसलं तर मलाही सांगा," ती म्हणाली.

दुपारपर्यंत शीळ बंद पडली. संध्याकाळी त्याला वाकता येईना, बुटांची नाडी तिने सोडवली. आठवडा सरायच्या आत गडी पालथा पडला, कमरेखाली उशी आणि कमरेवर गरम पाण्याची पिशवी. तरी सकाळी उठायची धडपड चाललीच होती.

"झोपा गुपचूप. रजा टाका," ती म्हणाली.

"लोक हसतील, वहिनी."

"मला हसलेच की. मेले का मी?"

तो उशी सरकवत कुशीवर वळला. मग म्हणाला, "मागे मला ताप होता ना, तेव्हाही मी कामावर होतो. मशीन लावायचं आणि शेजारी स्टुलावर डोळे मिटून बसायचं. आम्ही सगळे तेच करतो. घरी राहिलं तर मशीनवरच्या जोडीदारावर दुप्पट ओझं पडतं, तो शिव्या घालतो."

"स्टुलावर बसून ताप काढता येतो, भावजी. रोलरपुढे कसा काढायचा?"

त्या दिवशी त्याने रजा टाकली.

कामावर परतला तो थेट मॅनेजरकडे, वहिनीला सोबत घेऊन. "साहेब, ते टेबल उंच करा. माणसाची वाट लागते."

"इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही ते!"

"मी बोलले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, व्यायाम करा."

मॅनेजरला उगाचच खोकला आला. पण माणूस वाईट नव्हता. सुतार आला, टेबलाचे पाय वाढले, दोन स्टुलं आली. मशीन दुरुस्त झाल्यावर तिने आणखी एक मागणी पुढे केली: कामं आलटून पालटून द्या. धुलाईवाले कुरकुरले. दीरही आधी कुरकुरला, मग त्यानेच बाकीच्यांची समजूत काढली. रजा बंद झाल्या नाहीत, पण बायकांच्या निम्म्यावर आल्या. पुरुषांच्या मात्र थोड्या वाढल्या, कारण ताप आला की ते आता घरी झोपू लागले.

मशीनवरच्या तिच्या पहिल्याच दिवशी साबण जरा जास्त पडला. फेस मशीनच्या दारातून बाहेर आला आणि थेट मॅनेजरच्या बुटांपर्यंत पोचला. दीर पोछा घेऊन धावला.

"वहिनी, किती ओतलात!"

"मापाचा डबा तुम्ही दाखवलात कुठे?" स्टुलावरून पाय वर घेत ती म्हणाली, आणि मॅनेजरसकट सगळी लाँड्री हसत सुटली.