डाव्या सीटवरचे पटले काका

पटले काकांसमोर कुणीही आलं तरी त्याला आधी खिसे रिकामे करावे लागत. पेन, चिल्लर, मोबाइल, गळ्यातलं ओळखपत्र, बायकांच्या ओढण्या, सगळं गेटजवळच्या टेबलावर ठेवायचं आणि मगच विमानाकडे वळायचं. एकदा माझ्या सासऱ्यांनी टोपी काढायला नकार दिला. "अहो, विमान माझंच आहे," ते म्हणाले. काका जागचे हलले नाहीत. "जहाज तुमचं हाय जी, इंजनाचा पंखा कोणाचाच नसते. टोपी उडाली अन् तुम्ही तिच्यामागं धावले, मंग?" सासऱ्यांनी टोपी काढली.

बिरसीच्या रस्त्याला आमची राईस मिल आहे. ती बंद पडल्यावर धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण रिकामं राहिलं. सासऱ्यांनी लहानपणी बिरसीच्या धावपट्टीवर हवाई दलाची विमानं उतरताना पाहिली होती. लिलावात एक जुनं डाकोटा विमान निघाल्याचं कळलं आणि घरातल्या कुणालाही न विचारता ते त्यांनी घेतलं. सुटे पंख ट्रेलरवरून आले, तेव्हा शेजारच्यांना वाटलं, मिलमध्ये नवी मशीन बसते आहे.

जोडणी चालू असताना एका सकाळी सायकलवरून एक उंच, ताठ म्हातारा आला. नागरा गावचे पटले. हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी याच जातीच्या विमानांची इंजिनं त्यांनी सांभाळली होती. त्यांनी विमानाभोवती फेरी मारली, खाली सांडलेल्या तेलाला बोट लावून वास घेतला आणि विचारलं, "याले चालवाचं हाय का नुसतं पाहाचं हाय?"

"आता काय उडवायचं थोडंच आहे," सासरे म्हणाले.

"उडवू नका. पण इंजन चालवा तर लागंल. बसून राहिलं का आतून गंजते. उद्यापासून येतो मी."

या म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. पण ते आले, आणि येतच राहिले. दोन्ही इंजिनं उघडून, पुसून, पुन्हा बांधून होईपर्यंत त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. मग दर महिन्याला एका रविवारी सकाळी इंजिनं चालवायची, असं ठरलं.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. विमानाशी माझा काही संबंध नव्हता. पण डाव्या सीटवरून इंजिनं चालवणाऱ्या काकांना उजव्या सीटवर बसून समोरच्या काट्यांची घड्याळं वाचणारं माणूस हवं होतं आणि सासऱ्यांना विमानातल्या चढत्या, अरुंद बोळकांडीतून पुढे जाता येत नव्हतं. "सूनबाई, तू चाल," काका म्हणाले, आणि मी गेले.

सुरू करण्याआधी ते प्रत्येक पंखा हातानं फिरवून पाहत. बरेच दिवस उभ्या असलेल्या इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचतं. "पंखा अडला का जोर नाही लावाचा," ते दर वेळी सांगत. "जोर लावला का आतला रॉड वाकते. अडला तर काऊन अडला, ते पाहाचं." मग वर चढायचं. स्टार्टर कण्हायचा, इंजिन दोनचारदा खोकायचं, पांढरा धूर यायचा आणि पटांगणात राहिलेलं सगळं तूस एकदम आभाळात चढायचं. माझं काम तेलाच्या दाबाचा काटा पाहायचं. काटा चढला की अंगठा वर करायचा. बोलायचं नाही. "तोंडानं नाही, हातानं सांग," हा त्यांचा नियम खाली उभ्या असलेल्या आमच्या चौकीदारालाही, सुखरामलाही होता. आम्ही त्याला फौजी शिस्त समजत होतो.

धानाची कापणी आटोपल्यानंतरचा एक रविवार. डावं इंजिन छान चाललं होतं. सुखरामची बकरी दावं तोडून समोरून पळाली, ती थेट डाव्या पंख्याच्या दिशेनं, आणि सुखराम ओरडत तिच्यामागे. काका काट्यांकडे पाहत होते. "काका, बंद करा!" मी ओरडले. त्यांनी मानही वळवली नाही. मी पुन्हा ओरडले. मग मीच हात घालून मधला दांडा खाली ओढला. पेट्रोल तुटलं, पंखा मंदावत मंदावत थांबला. सुखराम त्याच्यापासून दोन हातांवर जमिनीवर बसला होता. बकरी पंखाखालून पलीकडे निघून गेली होती.

काका माझ्यावर खेकसले, "कायले बंद केलं?" मी बोट दाखवलं. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं.

"तू ओरडली होती का?"

"हो. जोरात."

"मले ऐकू नाही आलं."

खाली उतरून ते सरळ सासऱ्यांपुढे उभे राहिले. "मले कमी ऐकू येते जी. इंजनाजवळ तर काहीच नाही. येथं आलो तेव्हापासूनच. मी लपवून ठेवलं."

"अहो, तेवढ्यानं काय होतं?" सासरे म्हणाले.

"काय होते ते सुखरामले विचारा."

सायकल घेऊन ते गेले, आणि पुढे दोन महिने आले नाहीत. मी नागऱ्याला त्यांच्या घरी गेले. काकू त्यांच्याशी पोवारी बोलीत ओरडून बोलत होत्या, आणि काका त्यांच्या ओठांकडे पाहून उत्तर देत होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "येतो मी. पण डाव्या सीटवर तू बसशीन."

"मला येत नाही."

"मले कोठं पोटातून येत होतं?"

त्यांनी शिकवलं, आणि शिकवताना काही कमी बोलले नाहीत. एकदा तर रडायला आलं, तेव्हा म्हणाले, "रडून घे. मंग पुन्हा पहिल्यापासून सांग." शेवटी एका रविवारी मी डावीकडे बसले, माझा नवरा उजवीकडे, आणि काका खाली समोर उभे राहिले, जिथे कानांची गरज नव्हती.

डावं इंजिन नीट सुरू झालं. उजवंही झालं, आवाजही बरा होता, पण त्याच्या तेलाचा काटा जागचा हलेना. काका खालून हात गोल फिरवत होते: चालू ठेव, चालू ठेव. मी काट्याकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि दोन्ही इंजिनं बंद केली.

ते धापा टाकत वर आले. "काऊन बंद केली? मी हात फिरवून राहिलो होतो ना?"

"हो."

"मंग?"

"तेल चढलं नाही."

ते माझ्या ओठांकडे पाहत होते. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी वाकून काट्याच्या काचेवर टिचकी मारली. "उतर," एवढंच म्हणाले. दुपारभर त्यांनी नळ्या सोडवल्या. एका नळीत गंजाचा काळा लगदा अडकलेला निघाला. तो त्यांनी चिंधीवर घेऊन मला दाखवला आणि सुखरामला चहा ठेवायला सांगितलं. त्यानंतर ते कधी डाव्या सीटवर बसले नाहीत आणि मला कधी 'चालू ठेव' म्हणून हात केला नाही. अंगठा वर करून विचारायचे फक्त.

मागच्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. तेरवीला भंडाऱ्याहून त्यांचे हवाई दलातले एक जुने सोबती आले होते. कुणीतरी माझी ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तुम्हीच का त्या? पटले फोन करायचा जी. आमचं काही ऐकायचा नाही, ऐकू कोठं येत होतं त्याले? आपलंच सांगायचा अन् ठेवून द्यायचा."

"काय सांगायचे?"

"इंजन अब हमारी सूनबाई चलाती है. मेरी भी नहीं सुनती."

"तक्रार करायचे का?"

"छे जी," ते म्हणाले. "सगळ्यायले फोन करून सांगे."