पेरूवरचा फोन

म्हसा गावापलीकडच्या आमच्या गावात मोबाइलला रेंज यायची ती घराबाहेरच, अंगणातल्या पेरूखाली आणि पुढे वाटेवर, शेतात. घरात नावाला नाही. म्हणून फोन पिशवीत घालून पेरूच्या फांदीला टांगायचा आणि ओटीवरच्या कॉम्प्युटरला ब्लूटूथने जोडून इंटरनेट चालवायचं, ही अक्कल माझी. लग्नाआधी कल्याणला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. तेवढ्यावर मी गावातल्या मुलांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे आणि भाव खायचे.

अडचण एकच, सासूबाई. तेव्हा आळीत तो एकच मोबाइल. कुणासाठीही फोन आला की त्या तो फांदीवरून काढून त्या माणसाच्या दारी, नाहीतर थेट शेतात नेऊन द्यायच्या. फोन लांब गेला की जोडणी तुटायची. पण कॉम्प्युटरला ते कुठे कळतंय! तो पोर्ट, म्हणजे फोनशी जोडायचं दार, धरून बसलेला. फोन परत टांगला तरी म्हणे, पोर्ट आधीच वापरात आहे. कोण वापरतंय रे मेल्या? मी चिडून फोन नव्याने जोडायचे, तो नवा पोर्ट काढायचा आणि पुढच्या वेळी तोही अडकायचा. असं करत आम्ही तेविसाव्या पोर्टापर्यंत गेलो होतो. शेवटी कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायचा, त्यात पंधरा मिनिटं जायची.

ऐन भातलावणीत वाडीवरची एक मुलगी चिखलाच्या पायांनी आली. बारावी झालेली, नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत मुदत. फोन नंबर म्हणून माझाच घातला.

"यंदा नाय झालं तं बाबा भट्टीवर नेतील विटा थापायला," ती खाली बघून म्हणाली.

दुपारपासून तीनदा फॉर्म अर्ध्यावर आला आणि तीनदा सासूबाई फोन घेऊन गेल्या. साडेचार वाजले तशी मी भडकले. त्यांना नको नको ते बोलले.

"अगो, तिकडं माणूस ताटकळलाय, त्याला काय सांगू?" एवढंच त्या म्हणाल्या. मला लाज वाटली, पण राग काही गेला नाही.

परत बंद-चालू करायला वेळ नव्हता. म्हणून पहिल्यांदा डोकं शांत ठेवून पाहिलं, तर फोन जोडणारा जुना प्रोग्रॅम मागे तसाच चालू होता. तोच पोर्ट अडवून बसला होता. तो बंद केला आणि जोडणी झटक्यात झाली. सासूबाई छत्री घेऊन पेरूखाली उभ्या राहिल्या. मधेच फोन वाजला, त्यांनी हात मागे बांधून घेतले. पाचाला सात मिनिटं असताना फॉर्म गेला.

तेव्हापासून नियम झाला. आधी मी कॉम्प्युटरवर जोडणी बंद करायची, मगच त्यांनी फोन काढायचा. फोन वाजला की त्या पेरूखालून विचारायच्या, "काढू का गो?" आणि मी हो म्हणेपर्यंत थांबायच्या. एकदाही चुकल्या नाहीत.

महिन्याभराने मी कुणाचा तरी फॉर्म भरत होते. फोन वाजला, सासूबाई गोठ्यात होत्या, म्हणून मीच उठले. पलीकडून नर्सिंग कॉलेजच्या बाईंनी त्या मुलीला बोलवायला सांगितलं. तिचा नंबर लागला होता.

"अगो, आधी बंद तं कर," सासूबाई गोठ्यातून सांगत होत्या. मी फोन घेऊन वाडीच्या अर्ध्या वाटेवर पोचले होते.